रेघेखालचा आकडा

१९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीचा इशारा पाठवला. तिसऱ्या पिढीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट आहे, असं त्यात म्हटलं होतं. माहिती खरी होती. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्यातला ‘दुप्पट’ हा शब्द उचलला. घाबरून बायकांनी गोळ्या सोडल्या, काहींनी तर पाकीट अर्धं असतानाच. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे.

आता हे दुप्पट म्हणजे कितीचं दुप्पट? जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण ७,००० बायकांमध्ये वर्षाला एकीला गुठळी होत होती. नव्या घेणाऱ्या ७,००० मध्ये दोघींना. आणि गोळी सोडून ज्या गरोदर राहिल्या, त्यांचं काय? गरोदरपणात गुठळीचा धोका या दोन्ही गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

यात खोटं कुणीच बोललं नाही. समितीही नाही आणि बातमीदारही नाहीत. रेघेवरचा आकडा सांगितला गेला आणि रेघेखालचा राहून गेला, एवढंच. शाळेत अपूर्णांक शिकताना वरचा अंश, खालचा छेद, हे आपण घोकलेलं असतं. छेदात शून्य आलं तर गणित अडतं, हेही लक्षात असतं. छेद मुळात लिहिलाच नाही तर काय होतं, हे मात्र कुणी शिकवत नाही. गणित अडत नाही. उत्तर येतं, आणि ते माणसाला कुठेही नेऊन सोडतं.

माझं म्हणणं असं की, सार्वजनिक आरोग्याचं संशोधन म्हणजे मुख्यतः हा छेद शोधण्याचं काम आहे, आणि नेमकं तेच काम सरकारं, देणगीदार, विद्यापीठं आणि माध्यमं दुय्यम मानत आली आहेत. रुग्णालयाला कोनशिला असते, फीत कापायला पाहुणे येतात. रजिस्टरला कोनशिला नसते. किती माणसांमागे किती आजारी पडले, किती जण दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत, घरी गेलेल्यांचं सहा महिन्यांनी काय झालं, हे मोजायला जी माणसं लागतात त्यांची पदं रिकामी राहिली तर मोर्चा निघत नाही. त्यांचा पगार तीन वर्षांच्या प्रकल्पातून निघतो आणि प्रकल्प संपला की मोजणीही संपते. पाणीपुरवठा कुणी तीन वर्षांचा प्रकल्प म्हणून चालवत नाही. मोजणीही तशीच कायमच्या खर्चात धरायला हवी. आणि छेद दिल्याशिवाय आरोग्याचा कुठलाही सरकारी आकडा जाहीर होऊ नये, असा नियम हवा. हे जरा चिडून लिहितोय, कबूल.

डॉ. जॉन स्नो आणि लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप ही कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की तिचा नुसता उल्लेख आला तरी कंटाळा येतो. १८५४ चा कॉलरा, तो पाण्यातून पसरतो असा स्नोचा संशय, पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. वास्तविक ८ सप्टेंबरला दांडा निघाला तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती. लोक घरं सोडून पळाले होते. हे स्नोनेच प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. त्याचं खरं मोठं काम त्याच उन्हाळ्यात नदीच्या पलीकडे, दक्षिण लंडनमध्ये चाललं होतं, आणि त्यात नाट्य जवळजवळ नव्हतंच.

तिथे दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. साउथवार्क अँड वॉक्सहॉल ही कंपनी थेम्सचं पाणी शहराच्या हद्दीतच, म्हणजे सांडपाणी नदीत मिसळतं तिथेच उचलायची. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण वरच्या अंगाला, थेम्स डिटनला हलवलं होतं. दोघींचे नळ एकाच गल्लीतून गेलेले. या घरी एकीचं पाणी, भिंतीपलीकडच्या घरी दुसरीचं. हवा तीच, गर्दी तीच, गरिबीही तीच. फरक फक्त पाण्याचा.

कॉलऱ्याने माणूस गेल्याचा पत्ता मिळाला की स्नो त्या घरी जायचा आणि विचारायचा, पाणी कुठल्या कंपनीचं? पुष्कळांना ते ठाऊकच नसे. पाणीपट्टी घरमालक भरायचा, भाडेकरूला कंपनीच्या नावाशी काय देणंघेणं? मग तो त्या घरातलं पाणी लहानशा कुपीत भरून आणायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा; पाण्यात मीठ जितकं जास्त तितकं ते पांढरं होतं. लॅम्बेथचं पाणी जेमतेम धुरकटायचं, साउथवार्कचं दाट पांढरं व्हायचं. पहिल्यात गॅलनमागे मीठ ०.९५ ग्रेन, दुसऱ्यात ३७.९. चाळीसपट फरक, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्या घराचं दार ठोठावून ‘जरा पाणी देता का’ असं विचारणाऱ्या त्या माणसाचं चित्र कुणी काढलेलं मी पाहिलं नाही.

पण एवढ्याने फक्त अंश हाती आला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवार्कच्या घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या घरांत ९८. कंपनीचा वकील लगेच म्हणू शकला असता की, आमची गिऱ्हाइकं जास्त म्हणून मेलेलेही जास्त. त्याचं तोंड बंद करणारा आकडा स्नोला दारोदार हिंडून मिळणारच नव्हता. तो संसदेपुढे आलेल्या एका विवरणपत्रात होता: साउथवार्ककडे ४०,०४६ घरं, लॅम्बेथकडे २६,१०७. भागाकार केला, दर १०,००० घरांमागे ३१५ आणि ३७. ते विवरणपत्र भरणाऱ्या कारकुनाच्या मनात कॉलरा असण्याचं काही कारण नव्हतं. त्याने घरं मोजली आणि बेरीज बरोबर केली.

मृतांचे पत्ते ज्या कार्यालयातून आले, तिथल्या माणसाकडे मी शेवटी येणार आहे.

अंश तरी आपल्याकडे नीट असतो का? मृत्यूच्या दाखल्याचा जो आंतरराष्ट्रीय नमुना आहे, तो एकदा हातात घेऊन पाहावा. वैद्यकातल्या उत्तम लेखनाचा तो नमुना आहे असं मला खरंच वाटतं. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी. सर्वांत वर मृत्यूचं लगतचं कारण. खालच्या ओळीत, ते कशामुळे. त्याखाली, तेही कशामुळे. सगळ्यांत खाली मूळ कारण. उजवीकडे एक अरुंद रकाना: आजार सुरू झाल्यापासून किती काळ. नीट भरलेला दाखला असा दिसतो. रक्तात जंतुसंसर्ग, २ दिवस. पायाला गँगरीन, ३ आठवडे. मधुमेह, १५ वर्षं. तीन ओळींत अख्खं आयुष्य खालून वर वाचता येतं, आणि मदत कुठे कुठे पोचू शकली असती, त्या जागाही दिसतात.

आमच्या घरातल्या एका दाखल्यावर मात्र एकच ओळ होती: हृदयक्रिया बंद पडल्याने. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कुणी मरतं का? मधुमेहाचा, पायाच्या जखमेचा, महिनाभर बदललेल्या ड्रेसिंगचा पत्ताच नाही. लिहिणारा डॉक्टर तरुण होता, रात्रपाळीच्या शेवटाला आलेला होता, आणि बाहेर नातेवाईक (म्हणजे आम्हीच) ‘कागद लवकर द्या’ म्हणून उभे होतो. त्याला मी दोष देत नाही. तो फॉर्म कसा विचार करायला सांगतो, हे त्याला कुणी तासभर बसवून शिकवलं नसावं. साथरोगतज्ज्ञ अशा नोंदींना सरळ ‘कचरा कोड’ म्हणतात. आजारांच्या यादीत त्या कुठेतरी बसवाव्या लागतात, पण त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. आमचं माणूस मधुमेहाने गेलं आणि हिशेबात हृदयविकाराला जाऊन बसलं. अशी माणसं साठत गेली की एके दिवशी हृदयाच्या शस्त्रक्रियेचं नवं केंद्र उभं राहतं, आणि मधुमेही माणसाचा पाय दर भेटीत मोजा काढून बघायला कुणी नेमलं जात नाही.

हे तर दाखला मिळालेल्यांचं झालं. जगात कितीतरी माणसं घरीच जातात, त्यांच्या उशाशी डॉक्टर नसतो. त्यांच्यासाठी एक साधी पद्धत आहे. मृत्यूनंतर काही काळाने प्रशिक्षित माणूस त्या घरी जातो आणि विचारतो: ताप किती दिवस होता, खोकल्यातून रक्त पडलं का, पायांवर सूज होती का, शेवटच्या आठवड्यात जेवण जात होतं का. उत्तरांवरून डॉक्टर संभाव्य कारण ठरवतात. एकेका माणसाच्या बाबतीत ते चुकू शकतं, हजारोंचं एकत्र चित्र बऱ्यापैकी खरं निघतं. अट एकच, कुठली घरं निवडली ते महत्त्वाचं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत कडेचं घेतलं की तळाचं हा प्रश्न उरतोच.

डॉक्टर मित्रांशी बोलताना एक वाक्य हमखास येतं: ‘माझा अनुभव सांगतो.’ त्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण तीस वर्षांच्या प्रॅक्टिसला छेद नसतो. जे आले ते दिसले, जे दुसरीकडे गेले, बरे झाले किंवा वारले, ते दिसलेच नाहीत. १९८० च्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकत असतील, तर ते दाबणारी औषधं दिली जात. विचार सरळ होता. चुकलेले ठोके हे अचानक मृत्यूचं लक्षण; ठोके सुधारा, माणूस वाचेल. ईसीजीची पट्टी खरोखरच सुधारलेली दिसायची. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. मग अमेरिकेत चाचणी झाली. १,४९८ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. दोन औषधांपैकी एक मिळालेल्या ७५५ जणांपैकी सरासरी दहा महिन्यांत ६३ दगावले, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या ७४३ जणांपैकी २६. औषध माणसं मारत होतं.

हे खाटेपाशी उभं राहून कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. औषध घेऊन जो गेला, तो तसाही जाणारच होता असं वाटायचं, आजारच तसा. जो जगला, त्याला औषधाने वाचवलं. या तर्काला बाहेर पडायची वाट नाही. त्यातला डॉक्टर जितका अनुभवी, तितका तो अडकलेला.

तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं, हा सल्लाही असाच कित्येक वर्षं तज्ज्ञांनी दिला. पालथं झोपवण्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे १९७० पर्यंत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतूनच कळू शकलं असतं, असं २००५ मध्ये ते सगळे अभ्यास एकत्र मांडणाऱ्यांनी दाखवलं. ब्रिटनमध्ये ‘उताणं झोपवा’ ही मोहीम निघाली १९९१ मध्ये. आकडे मधली वीस वर्षं वेगवेगळ्या फायलींत पडून होते. मोहिमेनंतर असे मृत्यू काही वर्षांत निम्म्याच्याही खाली आले. त्यासाठी ना नवं औषध लागलं, ना यंत्र.

सबुरीचं उदाहरण द्यायचं तर सिगारेटचं. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण आणि तुलनेसाठी तितकेच इतर रुग्ण घेऊन पहिला अभ्यास छापला. डॉलचा सुरुवातीचा संशय रस्त्यांच्या डांबरावर होता. माहिती जमत गेली तशी त्याने स्वतःची सिगारेट सोडली. पण ते सगळे रुग्णालयातले लोक. सिगारेट ओढणाऱ्या हजार माणसांमागे किती जणांना कॅन्सर होतो, याचं उत्तर त्यातून निघेना. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली. डॉक्टर का? डॉक्टर हरवत नाहीत. त्यांची नोंदणी असते, पत्ता असतो, कोण कधी गेलं ते कळतं. ३४,४३९ पुरुष डॉक्टर या हिशेबात आले आणि त्यांचा माग पन्नास वर्षं ठेवला गेला. २००४ मध्ये शेवटचा मोठा अहवाल आला तेव्हा डॉल ९१ वर्षांचा होता.

त्या अहवालातला एक भाग मला भिंतीवर लावण्यासारखा वाटतो. सिगारेट ओढत राहणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातो. साठाव्या वर्षी सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळजवळ सगळी दहा. साठीच्या माणसाने ‘आता सोडून काय उपयोग’ म्हटल्यावर डॉक्टरला जे उत्तर द्यायचं असतं ते हे, आणि ते मिळवायला अर्धं शतक लागलं. कुठल्या सरकारची मुदत पन्नास वर्षांची असते? कुठली निविदा? डॉलच्या अभ्यासाला आजच्या अनुदानाच्या अर्जात बसवायचं म्हटलं तर ‘अपेक्षित निष्पत्ती: पहिले वर्ष’ या रकान्यात त्याने काय लिहिलं असतं, याची मला उत्सुकता आहे.

मोजणी वाढली की सगळं आपोआप चांगलं होतं, असं मात्र नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून कॅन्सर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉईडची तपासणी त्यात नव्हती, पण गळ्याची सोनोग्राफी थोडे पैसे जास्त भरून करून घेता यायची, आणि लोकांनी ती हौसेने करून घेतली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या एका वर्षात ४०,००० हून जास्त निदानं. आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू? वर्षाला ४०० च्या आत, पूर्वी होते तसेच. बहुतेकांच्या गळ्यात लहानशी, कधीच त्रास न देणारी गाठ होती. ती सापडली म्हणून ग्रंथी काढली, ग्रंथी काढली म्हणून जन्मभर गोळी लागली, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर हरकत घेतली आणि वर्षभरात शस्त्रक्रिया साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या.

या काळात ‘निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण’ झकास दिसत होतं. दिसणारच. ज्यांना त्या आजाराने मरायचंच नव्हतं असे हजारो लोक छेदात भरले, की टक्केवारी शंभराकडे सरकते. दुसरी गोम याहून साधी आहे. समजा एक माणूस एखाद्या कॅन्सरने सत्तराव्या वर्षी जाणार आहे. निदान सदुसष्टाव्या वर्षी झालं तर तो ‘पाच वर्षं जगला नाही’. तेच निदान साठाव्या वर्षी झालं तर तो ‘दहा वर्षं जगला’. मरण दोन्हीकडे सत्तरालाच. मधली सात वर्षं त्याला जास्तीची मिळाली ती फक्त रुग्ण म्हणून. म्हणून तपासणी मोहिमेचं यश सापडलेल्या रुग्णांत मोजायचं नसतं. सगळ्या लोकसंख्येत त्या आजाराचे मृत्यू घटले का, हे बघायचं असतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी या कसोटीला उतरते. तिथे कॅन्सर होण्याआधीचा बदल पकडून काढून टाकता येतो, त्यामुळे निदानंही घटतात आणि मृत्यूही. सगळ्या तपासण्या सारख्या नसतात, आणि ‘लवकर निदान म्हणजे जीवदान’ हे वाक्य जाहिरातीत शोभतं, धोरणात नाही.

इथे काही वाचक म्हणतील, हा सगळा लोकसंख्येचा हिशेब झाला. खाटेवरच्या एका माणसाला त्याचा काय उपयोग? मला अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या आयसीयूंची गोष्ट या प्रश्नाचं सर्वांत सरळ उत्तर वाटते. अत्यवस्थ रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी (कॅथेटर) घालतात आणि तिच्यातून कधीकधी जंतू रक्तात जातात. आयसीयूत काम करणारे लोक हे चालायचंच म्हणून धरून चालत. २००० नंतरच्या दशकात तिथल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळायचं ठरवलं. हात धुवा, नळी घालताना रुग्णाला पूर्ण झाकून घ्या, कातडी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसा, जमेल तिथे जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. नर्सला अधिकार दिला की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर तिने काम थांबवावं. आणि मोजलं. काय मोजलं? महिन्याला किती संसर्ग, हे नाही. दर १,००० कॅथेटर-दिवसांमागे किती संसर्ग. दहा रुग्णांच्या नळ्या प्रत्येकी तीन दिवस राहिल्या तर तीस कॅथेटर-दिवस. रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी वॉर्डात फिरून आज किती जणांना नळी आहे हे लिहिणार, तेव्हा हा छेद तयार होतो. कंटाळवाणं काम. सुरुवातीला सरासरी ७.७ असलेला हा दर दीड वर्षात १.४ वर आला. मोठ्या आणि लहान आयसीयूची, गर्दीच्या आणि रिकाम्या महिन्याची तुलना त्या छेदाने शक्य केली. ‘आमच्याकडे जास्त गंभीर रुग्ण येतात’ ही नेहमीची सबब मग फार टिकत नाही.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि त्याला माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नाही. मोजणारे मोजत राहतात आणि माणूस मरू देतात. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने अलाबामात टस्कीगी इथे सुमारे ६०० काळ्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. त्यांना सांगितलं गेलं की तुमचं रक्त खराब आहे आणि आम्ही उपचार करतो आहोत. उपचार केलेच नाहीत. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं, त्याने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झालं, तरी या माणसांपासून ते दूर ठेवलं गेलं. शवविच्छेदनाला परवानगी दिली तर अंत्यविधीचा खर्च दिला जात असे. हे चाळीस वर्षं चाललं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत आलं तेव्हा थांबलं. छेद होता. नोंदी होत्या. मी वर ज्या गुणांची तारीफ केली, सबुरी, सातत्य, माणसं हरवू न देणं, ते सगळे तिथे होते.

म्हणून मोजण्याचा अधिकार आणि उपचाराची जबाबदारी वेगळी ठेवता येत नाही, असं मला वाटतं. ज्याच्या घरी जाऊन रक्तदाब मोजला, त्याचा तो वाढलेला निघाला तर गोळीपर्यंत त्याला पोचवणं हे मोजणाऱ्याच्या कामातच लिहिलेलं असलं पाहिजे. ‘संदर्भित केले’ असा शिक्का मारून सुटता येऊ नये. नीतीचा भाग झालाच, शिवाय मोजणीच्या खरेपणासाठीही हे लागतं. ज्यांचा विश्वास उडाला ते दार उघडत नाहीत, आणि दार न उघडणारे सहसा तेच असतात ज्यांना आजार जास्त आहे. वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात अनेक वर्षं प्रॅक्टिस केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त तिथे कमी मिळते. मोजणीचंही तेच आहे. जिथे आजार जास्त, तिथली रजिस्टरं पातळ. मग नकाशावर तो भाग निरोगी दिसतो आणि निधी दुसरीकडे जातो. कागदी घोडे नाचवणं म्हणून आपण ज्याला हसतो, ते घोडे कुठल्या वस्तीत पोचलेच नाहीत, हे बघायला हवं.

आता तो राहिलेला माणूस. विल्यम फार, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या लंडनच्या मुख्य निबंधक कार्यालयातला. (हे आडनाव मराठी वाक्यात फार घोटाळा करतं, पण इलाज नाही.) १८३९ पासून तो तिथे मृत्यूंच्या नोंदींचे तक्ते करत होता. कॉलरा दूषित हवेने होतो, असं त्याचं मत होतं, आणि ते हट्टाने धरलेलं नव्हतं. १८४८-४९ च्या साथीत जमीन जितकी उंच तितके मृत्यू कमी, हे त्याने आकड्यांनिशी दाखवलं होतं. सखल जागी घाणेरडी हवा साचते, हे त्याचं स्पष्टीकरण. १८५४ मध्ये स्नोला मृतांचे पत्ते त्याच्याच कार्यालयातून मिळाले. स्नोची पहिली मोजणी पाहिल्यावर फारने सुचवलं की ऑगस्टअखेरीपासून दक्षिण लंडनच्या सगळ्या निबंधकांनी कॉलऱ्याच्या प्रत्येक मृत्यूसोबत त्या घराचं पाणी कुठल्या कंपनीचं हेही नोंदवावं. ज्या सिद्धान्तावर आपला विश्वास नाही तो तपासायला त्याने स्वतःच्या फॉर्मात जागा केली. हवेचा सिद्धान्त त्याने तेव्हाही सोडला नाही.

१८६६ मध्ये कॉलरा लंडनला परत आला. आठवड्याचे तक्ते मांडताना फारला दिसलं की मृत्यू पूर्वेकडच्या एका भागात एकवटले आहेत, आणि तो भाग म्हणजे ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या नळांचा भाग. कंपनीच्या अभियंत्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून ठणकावलं की न गाळलेलं एक थेंबही पाणी आम्ही दिलेलं नाही. मग चौकशी बसली. गिऱ्हाइकांनी येऊन सांगितलं की आमच्या नळांत ईल मासे निघाले. ईल वाळूच्या गाळणीतून येत नाही, हे कळायला तक्ता लागत नाही. चौकशी कुठल्या कंपनीची करायची, हे तक्त्याने सांगितलं होतं. ओल्ड फोर्डच्या तलावांतलं न गाळलेलं पाणी नळांत गेल्याचं सिद्ध झालं, आणि फारने आपल्या अहवालात दोष पाण्याला दिला. स्नो ते वाचायला नव्हता. १८५८ मध्येच, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला होता.